होळकर संघाचे चार करंडक कोणाचे? नागपूरच्या सी. के. नायडूंची आणि इंदूरच्या संघाची कहाणी

बेसा (नागपूर) : रणजी करंडकाच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत गेले, की १९४५ ते १९५३ या काळात एक नाव चार वेळा भेटते आणि त्यानंतर कायमचे नाहीसे होते. ते नाव होळकर. मुंबई, बडोदा, महाराष्ट्र, बंगाल ही जुनी नावे आजही मैदानात आहेत. होळकर मात्र फक्त यादीत आणि इंदूरच्या स्टेडियमच्या पाटीवर उरले आहे. या संघाला घडवणारा माणूस नागपूरचा होता. भारताचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू, सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम कसोटीतले नव्हे. वयाच्या पन्नाशीत त्यांनी एका संस्थानाच्या संघाला देशातला सर्वात धाक असलेला संघ बनवले, ते त्यांचे खरे काम.

बेसा-पिपळ्याच्या वसाहतींतून वर्धा रोडने थोडे दक्षिणेला गेले की जामठ्याचे मैदान लागते. तिथे विदर्भाने २०२५ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. विदर्भाला विजेतेपदाची सवय कशी लागली हे समजून घ्यायचे तर इंदूरचा रस्ता धरावा लागतो. तो रस्ता शंभर वर्षांपूर्वी नायडूंनी धरला होता.

नायडू नागपूरचे कसे?

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. कुटुंब तेलुगू. आजोबा नागपुरात वकिली करत आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळात तिच्या कामात होते. वडील केंब्रिजला कायदा शिकून आलेले. घरात पैसा होता, इंग्रजी शिक्षण होते आणि खेळाला मज्जाव नव्हता. त्या काळातल्या किती घरांत या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, याचा विचार केला तर नायडूंचे पहिले नशीब लक्षात येते.

हिस्लॉप कॉलेजिएट शाळेच्या संघातून ते पुढे आले आणि मोदी क्लबकडून खेळू लागले. क्रिकेटखेरीज हॉकी, फुटबॉल आणि धावणे यांतही ते पुढेच असत. सहा फुटांहून उंच, सडपातळ, ताठ चालणारा हा मुलगा मैदानात आला की वेगळा दिसे, असे जुन्या पिढीचे वर्णन आहे. पुढे लष्करी हुद्दा मिळाला तेव्हा तो त्यांना शोभला, यात नवल नव्हते.

१९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते. समोर फ्रँक टॅरंट हा कसलेला ऑस्ट्रेलियन गोलंदाज. या नवख्याने तीन चेंडू तटवले आणि चौथा सीमारेषेबाहेर भिरकावला. कारकिर्दीची पहिली धाव षटकाराने निघाली. पुढची सत्तेचाळीस वर्षे हा माणूस कोणत्या ना कोणत्या संघातून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिला.

अकरा षटकारांनी काय बदलले?

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी नायडूंना आपल्याकडे बोलावून घेतले. संस्थानच्या फौजेत त्यांना हुद्दा दिला. चाकरी लष्कराची, काम क्रिकेटचे, अशी ही व्यवस्था होती. त्या काळी खेळावर पोट भरण्याचा हिंदुस्थानी खेळाडूंपुढे हाच एक सन्मानाचा मार्ग होता. पतियाळा, बडोदा, नवानगर, इंदूर अशा दरबारांत खेळाडू कॅप्टन, मेजर, सुभेदार म्हणून पगारपत्रकावर असत. नायडू पुढे कर्नल झाले आणि अखेरपर्यंत कर्नलच राहिले.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस भारतीय क्रिकेटच्या इतिहासात मोजावा लागतो. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होता. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून नायडूंनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा काढल्या. त्यात १३ चौकार आणि ११ षटकार होते. चेंडू मंडपांवर आणि झाडांत जाऊन पडत होते. लोक कामधंदा टाकून मैदानाकडे धावल्याच्या आठवणी मुंबईत कित्येक वर्षे सांगितल्या जात.

या खेळीचे महत्त्व धावांपुरते नाही. हिंदुस्थानी खेळाडू कसोटीच्या पात्रतेचे आहेत, अशी गिलिगन यांची खात्री पटली आणि देशाचे एक क्रिकेट मंडळ स्थापन करावे असा आग्रह त्यांनी धरला. १९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले. चार वर्षांनी भारत लॉर्ड्सवर उतरला. हे सारे एकट्या नायडूंमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संस्थानिकांचा पैसा आणि मुंबईच्या जिमखान्यांची धडपडही त्यामागे होती. पण इंग्रज पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर पुरावा ठेवला तो नायडूंनीच.

कर्णधारपद मिळाले कसे आणि गेले कसे?

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज निवडले गेले, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. संघाचा पुढारी राजघराण्यातला हवा, हा तेव्हाचा अलिखित नियम. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या फलंदाजीची मर्यादा कळत होती आणि ते मोठेपणाने बाजूला झाले. लिंबडींची पाठ कसोटीच्या तोंडावर दुखावली. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीला गेला तो नागपूरच्या वकिलाचा नातू. आदल्या रात्री संघातील काही जणांनी त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला होता आणि महाराजांनाच मध्ये पडावे लागले, अशी हकिकत सांगितली जाते. नायडूंचा करडा स्वभाव पाहता ती अशक्य वाटत नाही.

त्या सामन्यात महंमद निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ करून टाकली होती. भारत शेवटी १५८ धावांनी हरला. हाताला दुखापत होऊनही नायडूंच्या ४० धावा पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले आणि ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅममधला त्यांचा एक षटकार नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या परगण्यात जाऊन पडला, ही गोष्ट इंग्लंडमध्येही चवीने सांगितली जाते. पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातील पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले. ते मिळवणारे भारतीय संघाचे ते पहिले खेळाडू.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ आला तेव्हाही नायडूच कर्णधार होते. मुंबई जिमखान्यावरच्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले शतक केले, तेव्हा दुसऱ्या टोकाला नायडू ६७ धावांवर पोहोचले होते. दोघांची भागीदारी १८६ धावांची. पण १९३६ मध्ये पुन्हा राजकारण आडवे आले. विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना क्रिकेटजगत विझी म्हणून ओळखते, ते कर्णधार झाले. त्या दौऱ्यावर अमरनाथ यांना मध्येच घरी पाठवण्यात आले आणि संघात दोन तट पडले. न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान करण्याच्या मोबदल्यात एका खेळाडूला कसोटी खेळायला मिळाली, असाही किस्सा प्रसिद्ध आहे. खरेखोटे काहीही असो, असा किस्सा लोकांना पटतो यातच त्या संघाची अवस्था दिसते.

ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू नायडूंच्या छातीवर बसला. ते कळवळले, पुन्हा उभे राहिले आणि ८१ धावा करून गेले. ती त्यांची शेवटची कसोटी. सात कसोटी, ३५० धावा, सरासरी २५. एवढ्या मोठ्या नावामागे एवढे छोटे आकडे पाहून नव्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पहिली कसोटी खेळले तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे कोडे सुटते.

होळकर संघ उभा राहिला कसा?

बहुतेक चरित्रे इथे आवरती घेतात. वास्तविक खरी गोष्ट इथून सुरू होते. चाळिशी उलटलेला, कसोटी संपलेला खेळाडू इंदूरला परतला. तुकोजीरावांनंतर गादीवर आलेले यशवंतराव होळकर आधुनिक वळणाचे होते आणि पैसा सोडायला तयार होते. १९४१-४२ च्या हंगामापासून होळकर या नावाने संघ रणजी करंडकात उतरू लागला. नायडू त्याचे कर्णधार, निवडकर्ते, शिक्षक आणि फौजदार, सर्व काही होते.

संघाचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. मुश्ताक अली इंदूरचेच. पोरवयात नायडूंनी त्यांना हेरले होते. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू, नागपुरातच जन्मलेले, लेगस्पिन टाकत. सागरला जन्मलेले चंदू सरवटे फलंदाजही होते आणि फिरकी गोलंदाजही. कायदा शिकलेले आणि बोटांच्या ठशांचे जाणकार. कमल भांडारकर, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर. ही नावे वाचली की इंदूरच्या मराठी वळणाचा अंदाज येतो. मल्हाररावांच्या वारसांचे हे शहर, तिथल्या वाड्यांत आणि आळ्यांत मराठी बोलली जाई आणि यशवंत क्लबच्या मैदानाभोवतीही ती ऐकू येत असे.

नायडूंची शिस्त हा त्या संघाचा दुसरा पाया. वेळेवर न येणारा, झेल टाकून हसणारा, रात्री उशिरापर्यंत जागणारा खेळाडू त्यांना चालत नसे. दुखापतीचे कौतुक तर अजिबात नाही. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा चेंडू त्यांच्या तोंडावर बसून दात पडले, तेव्हा ते दात खेळपट्टीवरून बाजूला सारून ते पुढच्या चेंडूला तयार झाले, असे सांगतात. वय तेव्हा छप्पन्न होते. असा कर्णधार समोर असल्यावर पंचविशीतल्या पोराने स्नायू दुखावल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

१९४४-४५ ला होळकर पहिल्यांदा अंतिम फेरीत आले. गाठ मुंबईशी, मैदान ब्रेबॉर्न, आणि निकाल लागेपर्यंत खेळायचे. विजय मर्चंट यांनी २७८ धावा केल्या आणि होळकरपुढे विजयासाठी ८६७ धावांचे आव्हान उभे राहिले. इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन युद्धामुळे महूला लष्करी नोकरीत होते आणि होळकरकडून खेळत होते. त्यांनी नाबाद २४९ केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, तरी संघ ४९२ वर संपला. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. चार डावांत मिळून २,०७८ धावा झाल्या. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. हा जागतिक विक्रम आजही टिकून आहे आणि आजच्या क्रिकेटमध्ये तो मोडण्याची शक्यताही नाही.

पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत म्हैसूरच्या गोलंदाजांची पाळी आली. होळकरने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतके : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पहिल्या डावातल्या ३४२ धावांपैकी २०० एकट्या नायडूंच्या होत्या. पन्नाशी पूर्ण झालेली होती. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक इंदूरला आला.

त्यानंतर १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे आणखी तीन करंडक आले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर दहा वेळा अंतिम फेरीत होते. मुंबईचा साठ-सत्तरच्या दशकांतला दबदबा सोडला तर भारतीय क्रिकेटमध्ये याला तोड नाही. १९५२-५३ मध्ये कोलकात्यात बंगालला पहिल्या डावातील आघाडीवर हरवून चौथा करंडक घेतला तेव्हा कर्णधार नायडू सत्तावन्न वर्षांचे होते.

मग संघ संपला का?

मैदानावर पराभव झाला म्हणून संघ संपला नाही. त्याच्या पायाखालची जमीन गेली. मे १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. फौज गेली, खजिना गेला, दरबारी हुद्दे गेले. खेळाडूंना पगार मिळायचा तो याच हुद्द्यांवर. संघ नावापुरता सात वर्षे टिकला हीच मोठी गोष्ट. १९५३-५४ मध्ये नायडू रणजीत नव्यानेच उतरलेल्या आंध्रच्या संघाकडे गेले. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरलाच झाला. मद्रासने तो ४६ धावांनी जिंकला आणि होळकर हे नाव तिथेच थांबले. पुढच्या हंगामात त्याच शहराचा संघ मध्य भारत म्हणून खेळला आणि राज्यपुनर्रचनेनंतर तो मध्य प्रदेशात मिसळून गेला.

इथे परदेशातल्या एका फुटबॉल क्लबची आठवण येते. ग्रीसमधला एईके अथेन्स हा क्लब १९२४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून विस्थापित झालेल्या ग्रीकांनी काढला. १९९२ ते १९९४ अशी सलग तीन वर्षे तो देशाचा विजेता होता. पुढे कर्जाने बुडाला आणि २०१३ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत जाऊन त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. दोन वर्षांत तो वर आला, २०१८ मध्ये पुन्हा विजेता झाला आणि २०२३ मध्येही. इतक्या पडझडीतही त्याचे नाव बदलले नाही, दुतोंडी गरुडाचे चिन्ह बदलले नाही आणि प्रेक्षक तेच राहिले. कारण तो क्लब निर्वासितांच्या वस्तीचा होता, कोणा एकाच्या तिजोरीचा नव्हता. होळकर संघ लोकांचा लाडका असला तरी मालकी राजवाड्याची होती. राजवाडा गेल्यावर संघाला नाव सांगायलाही कोणी उरले नाही. इंदूरच्या क्लबांनी वर्गणी काढून तो चालवला असता तर काय झाले असते, असा प्रश्न पडतो खरा. पण रणजी स्पर्धाच प्रांतांची होती आणि तिथे एका गेलेल्या संस्थानाला जागा नव्हती.

नायडू मात्र थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच मोसमात ते उत्तर प्रदेशचे कर्णधार म्हणून रणजी खेळले. म्हणजे एकसष्टी झाली त्या वर्षी! त्यांनी निवड समितीचे अध्यक्षपद भूषवले, मंडळाचे उपाध्यक्षही झाले. १९६३-६४ मध्ये संरक्षण निधीसाठी महाराष्ट्राचे राज्यपाल एकादश आणि मुख्यमंत्री एकादश यांच्यात सामना झाला, तो त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी अशी नोंद मागे ठेवून १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरमध्ये इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. महिला समालोचकांमध्ये देशात त्यांचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

नागपूर आणि इंदूर यांची ताटातूट

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवसापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशातून बाहेर पडले आणि इंदूर आत आले. नायडूंची जन्मभूमी आणि कर्मभूमी एकाच राज्यात येण्याची संधी एका दिवसाने हुकली, असे गमतीने म्हणता येईल. विदर्भ १९५७-५८ पासून स्वतःच्या नावाने रणजी खेळू लागला. दोन्ही संघांची पुढची कित्येक दशके सारखीच गेली : अधूनमधून एखादा चांगला खेळाडू, बाकी हंगाम दुसऱ्यांच्या विजयाच्या बातम्या वाचण्यात.

मध्य प्रदेशात इंदूरचा धागा अगदीच तुटला नव्हता, हे सांगायला हवे. होळकर संघातील माधवसिंह जगदाळे यांचे पुत्र संजय जगदाळे स्वतः मध्य प्रदेशकडून खेळले, नंतर प्रशिक्षक आणि संघटक झाले आणि क्रिकेट मंडळाच्या सचिवपदापर्यंत पोहोचले. गोरखपूरहून इंदूरला आलेल्या नरेंद्र हिरवाणी यांना त्यांनीच घडवले. याच हिरवाणींनी जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत १६ बळी घेतले. खेळाडू निघत होते, संघ निघत नव्हता. एका मोठ्या खेळाडूभोवती अकरा जण बांधून ठेवणारी शिस्त नायडूंबरोबर गेली ती गेलीच.

एकदा घास तोंडाशी आला होता. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला मध्य प्रदेशने कर्नाटकवर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. पण शेवटच्या दिवशी डाव १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी पराभव झाला. कर्णधार होते मुंबईहून आलेले चंद्रकांत पंडित. ते त्या मैदानातून रडत बाहेर पडले.

पुनरुत्थान कसे झाले?

पंडित पुढे प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये विदर्भाच्या संघात आले. विदर्भाने त्याआधी साठ वर्षांत एकदाही रणजीची अंतिम फेरी पाहिली नव्हती. त्याच हंगामात फैझ फझलच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत पोहोचला. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भ विजेता झाला. तो सामना कुठे झाला? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरच्या मुलाने ज्या होळकरांना करंडक मिळवून दिले, त्यांचेच नाव असलेल्या मैदानावर नागपूरच्या संघाने पहिला करंडक उचलला. त्या वेळच्या बातम्यांत हा योग फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून विदर्भाने तो राखलाही.

पंडित नंतर २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले. त्यांच्या कामाची पद्धत कडक : लांबलचक शिबिरे, वेळेचा हट्ट, नावापेक्षा कामाला किंमत. काही खेळाडूंना ते जाचक वाटले आणि तसे ते बोललेही. नायडूंच्या हाताखालच्या खेळाडूंचीही हीच तक्रार असे. जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या त्याच मैदानावर, जिथे तेवीस वर्षांपूर्वी पंडित हरले होते, मध्य प्रदेशची गाठ मुंबईशी पडली. मुंबईने ३७४ केल्या. मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार यांच्या शतकांच्या बळावर ५३६ धावांचे उत्तर दिले आणि शेवटी सहा गडी राखून सामना जिंकला. कर्णधार होता आदित्य श्रीवास्तव. इंदूरच्या माणसाने रणजी करंडक हातात घेतला तो एकोणसत्तर वर्षांनी.

चार करंडक कोणाच्या खात्यात?

२०२२ च्या विजयाचे वर्णन दोन तऱ्हांनी झाले. कोणी मध्य प्रदेशचे पहिले विजेतेपद म्हटले, कोणी होळकरांची परंपरा परतल्याचे लिहिले. दोन्ही बरोबर आहेत. अधिकृत यादीत होळकरांचे चार करंडक होळकरांच्याच नावावर आहेत, मध्य प्रदेशच्या खात्यात ते जोडलेले नाहीत. इंदूरकरांच्या मनातली बेरीज मात्र पाच येते आणि त्यांना चूक म्हणणे कठीण आहे. मैदान, शहर आणि जगदाळ्यांसारखी घराणी तीच आहेत.

आता दुसरी बाजू. नायडूंना आपले म्हणण्याचा नागपूरचा हक्क किती? त्यांनी नागपुरात बॅट धरायला शिकले, पण कर्तबगारी दुसरीकडे दाखवली, कारण १९२३ च्या नागपुरात खेळाडूला पोसणारा दरबार नव्हता आणि संघटनाही नव्हती. नागपूरने त्यांना राखले नाही, असे स्पष्ट म्हणायला हवे. पुढे विदर्भ क्रिकेट संघटनेने मैदाने उभारली, लहान वयापासून मुलांना घडवण्याची व्यवस्था लावली आणि बाहेरून कसलेले प्रशिक्षक व खेळाडू आणले. होळकरांनी जे खजिन्यातून केले, ते इथे संघटनेच्या पैशातून झाले. म्हणून प्रशिक्षक बदलल्यावरही विदर्भ खाली आला नाही. २०२३-२४ मध्ये अंतिम फेरीत मुंबईकडून तो हरला. पुढच्या वर्षी अक्षय वाडकरच्या संघाने जामठ्यात केरळला पहिल्या डावातील आघाडीवर मागे टाकून तिसरा करंडक घेतला. बंगालविरुद्ध होळकरांचा चौथा करंडक याच नियमाने आला होता.

टपाल खात्याने १९९६ मध्ये क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली तेव्हा देवधर, मर्चंट आणि मांकड यांच्या बरोबरीने नायडू होते. क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार १९९४ पासून त्यांच्या नावाने दिला जातो; पहिला मानकरी ठरले लाला अमरनाथ. आणि २३ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे नावच कर्नल सी. के. नायडू करंडक आहे. या स्पर्धेत विदर्भ आणि मध्य प्रदेश असे दोन्ही संघ दरवर्षी उतरतात.